आमच्या दुकानातली पायली कुणी नेली, कुणी आणून ठेवली?

गल्ल्यावरून (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

चोरी म्हणावी तर वस्तू परत आली. चेष्टा म्हणावी तर चार दिवसांत कुणी हसलं नाही. माझं डोकं खाऊन झालंय, आता तुमचं खातो.

बेळगावच्या शहापुरात आमचं किराण्याचं दुकान. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतोय. आत आलं की डाव्या हाताला तांदळाची पोती, आणि त्यांच्या वरच्या फळीवर आजोबांची पितळी पायली, धान्य मोजायचं जुनं माप. ती आता वापरात नाही. तोलमाप सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावर, त्याला दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा. पायलीनं फक्त सकाळची अगरबत्ती घ्यायची. आजोबा म्हणायचे म्हणे, दुकान गेलं तरी चालेल, माप जाता कामा नये. त्या मापाच्या भरवशावर येळ्ळूर, मजगाव, पार खानापूरकडची माणसं आमच्याकडे भात, म्हणजे सालीसकट तांदूळ, विकायला घालून जायची. घरात अजून कुणी खोटं बोललं की आई म्हणते, "पायलीवर हात ठेवून सांग."

गेल्या बुधवारी संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे नारळ, सुपारी, खडीसाखर, केळी घ्यायला बायकांची झुंबड. मी गल्ल्यावर, पोऱ्या काट्यावर. गुरुवारी सकाळी अगरबत्ती घेऊन वळतो तर फळी रिकामी. धुळीत गोल डाग तेवढा राहिलेला.

गल्ल्यातला पैसा जागच्या जागी. शेजारच्या काजूच्या डब्यालाही कुणी शिवलेलं नाही. पोऱ्याला विचारलं तर रडायलाच लागला, वर त्यालाच चहा पाजावा लागला.

आणि काल रविवारी संध्याकाळी बिस्किटांचा माल लावता लावता मागं बघतो तर पायली फळीवर हजर! पण पालथी. आमच्यात माप कधी पालथं ठेवत नाहीत, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

सुलटी करून नीट बघितली. काठाला बाहेरून हळद-कुंकवाची बोटं. आतही हळद लागलीय, गोल रेघेसारखी. बुडाच्या सांध्यात भाताची तुसं अडकलेली. आता बघा, आमच्याकडे तांदूळ असतो, भात नसतो. आणि बुडाला वाळलेली तांबडी माती.

ओळखा पाहू.

काकतीवेशीचा कावळा | १०:०५

मोडवाल्याकडं चौकशी केली काय? पितळेला भाव बराय आत्ता. पण मोडीत गेलेली वस्तू हळद-कुंकू लावून परत आणून देणारा मोडवाला मी तरी अजून बघितला नाही. असला तर पत्ता द्या, आमचा बंब गेलाय.

निपाणीची सून | १०:१२

लग्नघर शोधा हो! नव्या नवरीला उंबऱ्यावर माप ओलांडायला लागतं की नाही? तांदळानं भरलेलं माप, हळद-कुंकू लावलेलं. आयत्या वेळी कुणाला तरी आठवलं असणार की घरात माप नाही. मागायला लाज वाटली, नेलं, काम झालं, आणून ठेवलं. माझ्या लग्नात सासूबाईंनी शेजारून आणलं होतं, मी इतक्या जोरात लाथाडलं की थेट तुळशीपर्यंत गेलं. अजून ऐकून घेते.

गल्ल्यावरून | १०:२०

मोडवाल्याकडे शुक्रवारीच जाऊन आलो. त्यानं मलाच दोन जुन्या समया विकायचा प्रयत्न केला.

लग्नाचं डोक्यात आलं नव्हतं. मागच्या गल्लीत शुक्रवारीच एक लग्न झालंय. उद्या आहेर द्यायच्या निमित्तानं जाऊन येतो.

चंदगडी | १०:३१

आडाणी प्रश्न विचारतो. पायली म्हणजे किती किलो?

टिळकवाडीचा पेन्शनर | १०:५८

आडाणी नाही, पण चुकीचा प्रश्न आहे. पायलीत किलो मोजत नाहीत. पायली हे पोकळीचं माप, वजनाचं नव्हे. एकाच पायलीत भात भरा आणि तांदूळ भरा, तांदूळ जड भरणार. आम्हाला शाळेत पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे: दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. चुकलं की छडी.

त्यातही गंमत अशी की गावागावाची पायली वेगळी. एका गावची दुसऱ्या गावात चालेलच असं नाही. शिवाय माप सपाट द्यायचं की शीग लावून, हा भांडणाचा वेगळा विषय. १९५८ पासून मेट्रिक मापं लागू होऊ लागली, ती काय उगीच नाही. तरी खळ्यावर पायली पुढं कितीतरी वर्षं चालली.

धागाकर्ते, तुमची पायली सरळ उभ्या पोटाची आहे की खाली निमुळती?

गल्ल्यावरून | ११:०३

सरळ. डब्यासारखी. का?

टिळकवाडीचा पेन्शनर | ११:०४

सहज.

गल्ल्यावरून | मंगळवार, दुपारी ३:१५ (दुकानात सामसूम आहे तोवर लिहितो)

लग्नघरी जाऊन आलो. कुंदा खाल्ला, मांडे खाल्ले, हळूच विषय काढला. नवरीनं काय ओलांडलं? ऑनलाइन मागवलेलं प्लॅस्टिकचं माप, सोनेरी रंगाचं, मोती चिकटवलेलं. नवरदेवाच्या आईनं कौतुकानं दाखवलं. त्यात मूठभर तांदूळ मावत असेल तर शपथ. तेव्हा निपाणीच्या सूनबाई, तुमचा संशयित निर्दोष सुटला.

आता एक गोष्ट कबूल करतो. काल मुद्दाम राखून ठेवली होती, म्हटलं बघू कुणाचं डोकं कुठं चालतंय. पायली सुलटी केली तेव्हा तिच्यातून बसच्या तिकिटाची सुरळी पडली. छापील मजकूर कन्नडमध्ये, पण धंद्यापुरतं कन्नड मला वाचता येतं. खानापूर ते बेळगाव. तारीख रविवारची. आणि पैशाच्या जागी शून्य.

निपाणीची सून | ३:२२

शून्य तिकीट! म्हणजे बाईमाणूस. संपला विषय, निम्मे संशयित बाद.

चंदगडी | ३:३०

समजलं नाही. शून्य रुपयांचं तिकीट कशाला फाडतात?

निपाणीची सून | ३:३६

अहो, जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. शक्ती योजना. कंडक्टरला आधार कार्ड दाखवायचं, तो शून्याचं तिकीट देतो, हिशोबासाठी. माझ्या सासूबाई तेव्हापासून घरी सापडत नाहीत. आज सौंदत्ती, उद्या गोकाक.

चंदगडी | ३:४१

आमच्याकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं अर्धं आणि पलीकडं फुकट. आमची आत्या म्हणते, माझं लग्न चार किलोमीटर चुकलं.

सीमेवरचा वाघ | ३:४९

तिकिटावर गावाचं नाव काय छापलंय ते आधी सांगा. बेळगाव की बेळगावी? इथंच सगळी मेख आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात...

काकतीवेशीचा कावळा | ३:५१

वाघोबा, त्याचा धागा वेगळा आहे, तिथं जाऊन डरकाळी फोडा. इथं पायली शोधालोय.

खानापूरची पाऊसपाखरू | सायं. ६:१०

उशिरा आले, पण आमच्या गावाचं नाव निघालंय तर बोलतेच.

माती तांबडी म्हणालात, ती आमचीच. तुमच्या शहापूर-वडगावची शेतवड काळी, बळ्ळारी नाल्याकाठची. पश्चिमेला सरकलं की जमीन तांबडी होत जाते.

आणि ती हळद-कुंकवाची बोटं लग्नातली नव्हेत. रास पुजलीय ती! सध्या सुगी आहे. मळणी झाली की खळ्यावर भाताची रास करतात, तिची पूजा, नारळ, आणि ज्या मापानं मोजायचं त्या मापालाही हळद-कुंकू. आता मळणी मशीननं होते, खळं शेणानं सारवायच्या जागी ताडपत्री आली, पण आमचे बाबा अजून माप पुजल्याशिवाय राशीला हात लावत नाहीत. मोजतानाही 'एक' म्हणायचं नाही. पहिलं माप पडलं की 'लाभ', मग 'दोन', 'तीन'. लहानपणी मी एकदा 'एक' म्हटलं तर आजीनं ओतलेलं भात परत राशीत टाकून पहिल्यापासून मोजायला लावलं होतं.

तर कुणीतरी बाई तुमची पायली घेऊन खानापूरकडं गेली, राशीवर तिनं भात मोजलं आणि परत आणली. प्रश्न एवढाच की गावात पायल्या असताना तुमचीच कशाला?

गल्ल्यावरून | रात्री १०:२५

पाखरूताई, तुमच्यामुळे आज जेवण उशिरा झालं. 'तुमचीच कशाला' हे डोक्यातून जाईना, म्हणून उधारीची वही घेऊन बसलो.

लोकांना वाटतं उधारीची वही म्हणजे पैशाचा हिशोब. तसं नाही. कोण गावाला गेलं, कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे (साबुदाणा, मुगाची डाळ, ग्लुकोजचा पुडा), कुणाचं भांडण मिटलं, सगळं तिच्यात असतं. वाचता आलं पाहिजे.

खानापूरकडचं माहेर असलेल्या आमच्या गिऱ्हाइकांत तिघीजणी. पहिली दिवाळीपासून मुलीच्या बाळंतपणाला मुंबईत. दुसरीच्या नावावर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज दूध-पाव-कोथिंबीर. तिला जायला फुरसत कुठली? तिसरी आमची भाकरीवाली मावशी.

मावशीचं वय सत्तरच्या पुढं. घरी भाकऱ्या थापून आठ-दहा घरांत पोचवते, आमच्याकडे रोज सहा. रोज तीन किलो ज्वारी नेते, वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या बुधवारी संध्याकाळी सहा किलो नेलीय. पुढं तीन दिवस तिची ओळ कोरी. आणि रविवारी संध्याकाळी परत तीन किलो.

मग आठवलं. बुधवारी त्या गर्दीत मावशी आली होती, डोक्यावर भाकरीची टोपली, वर पांढरं फडकं. टोपली पोत्यांजवळ टेकवली, ज्वारी घेतली, 'दोन-तीन दिवस भाकरी मिळायची न्हाई हं' म्हणाली आणि गेली. भाकरीच्या टोपलीत कोण कशाला डोकावेल?

म्हणजे कुणी नेली ते ठरलं. कशासाठी नेली, ते कळत नाही. मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं का? उद्या ती भाकरी घेऊन येईल तेव्हा विचारू का?

काकतीवेशीचा कावळा | १०:४०

विचारू नका. सत्तरीतल्या बाईला 'पायली तू नेलीस का' म्हणून विचारणार? उद्यापासून भाकरी बंद. रहस्य परवडलं.

निपाणीची सून | १०:४४

कावळ्याशी सहमत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

टिळकवाडीचा पेन्शनर | ११:१५

आतल्या हळदीबद्दल विचारायचं राहून गेलं. पूजेची हळद बोटांनी लावतात, ती ठिपक्यांसारखी किंवा पट्ट्यांसारखी दिसते, आणि बाहेरून लावतात. तुम्ही म्हणता आत गोल रेघ आहे. ती काठापासून किती खाली? सगळीकडे सारखी आहे का? आणि पायलीची आतली खोली किती? पट्टी नसेल तर करंगळी आडवी धरून मोजा.

गल्ल्यावरून | ११:३०

बायको म्हणते, रात्री साडेअकराला पायलीत बोटं घालून काय करालैस? मोजून आलो.

रेघ काठाच्या खाली बरोबर एक करंगळी. सगळीकडे सारखी, पातळ, काडीनं ओढल्यासारखी. खोली सोळा करंगळ्या.

टिळकवाडीचा पेन्शनर | ११:४१

मग ती पातळी आहे. दुसऱ्या एका पायलीतलं भात सपाट करून तुमच्या पायलीत ओतलं, ते जिथपर्यंत आलं तिथं खूण केली. तुमची भरली नाही, सोळावा हिस्सा रिकामी राहिली. मावशी मापाला माप लावून बघायला गेली होती.

तिनं पूर्वी कधी तुमच्याकडे भात घातलं होतं का? वडिलांच्या वेळच्या वह्या आहेत?

गल्ल्यावरून | बुधवार, दुपारी १:०५

सकाळपासून दुकान पोऱ्यावर सोपवून पोटमाळ्यावरच्या वह्यांत बसलो होतो. झुरळं, वाळवी, आणि एका कीर्दीत वडिलांचं अक्षर. मावशीचं नाव, पुढं लिहिलंय: 'भात. सांगितले ८, भरले ७॥.'

आईला विचारलं, तिला सगळं ठाऊक. मावशीच्या वडिलांची जमीन भावाकडं राहिली. मावशीनं सही करून हक्क सोडला, त्या बदल्यात भावानं दर सुगीला आठ पायल्या भात द्यायचं, असं तोंडी ठरलं. एक वर्ष तिला पैशाची नड होती म्हणून ते भात तिनं आमच्याकडे घातलं. बाबांनी मोजलं, साडेसात भरलं. मावशी तिथंच पोत्यावर बसली आणि रडली म्हणे. आपला सख्खा भाऊ मापात मारतो म्हणून. तेव्हापासून ती भाऊबीजेला गेलेली नाही. भात येत राहिलं, पुतण्या आणून टाकतो, पण ही गेली नाही.

आता हिशोब बघा. पायलीमागं सोळावा हिस्सा कमी. आठ पायल्यांना आठ सोळांश, म्हणजे बरोबर अर्धी पायली. साडेसात! आमच्या आजोबांच्या पायलीनं इतक्या वर्षांनी चोर पकडला. यंदा मावशी पुरावा घेऊनच गेली.

निपाणीची सून | १:१२

बाई गं. बहिणीचं अर्धी पायली भात खाऊन असा काय बंगला बांधला असेल त्यानं?

सीमेवरचा वाघ | १:२०

तोंडी कशाला ठेवायचं? २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पण सही आधीच झालेली, आता काय.

खानापूरची पाऊसपाखरू | १:३३

आमच्याकडं घरोघरी हीच गोष्ट. पण एक खटकतंय. भावाला खोटा पाडून आली असती तर मावशी गप्प बसली असती? सगळ्या शहापुराला कळलं असतं. पायली चोरून आणून पालथी का ठेवली?

टिळकवाडीचा पेन्शनर | १:५०

पाखरूताईंनी माझ्या तोंडातलं घेतलं. दोन मापं जुळली नाहीत एवढंच त्या रेघेवरून कळतं. त्यातलं खोटं कुठलं, ते रेघ सांगत नाही.

धागाकर्ते, राग मानू नका. तुमच्या पोटमाळ्यावर आणखी एखादी पायली आहे का, तेवढं बघा.

काकतीवेशीचा कावळा | गुरुवार, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. गल्ल्यावरून, कुठं गेलात?

चंदगडी | सायं. ५:२०

चोवीस तास झाले. दुकान तरी उघडं आहे काय? शहापूरचं कुणी बघून या रे.

गल्ल्यावरून | गुरुवार, रात्री ११:१०

आहे. दुकान उघडं आहे.

पेन्शनर काका, तुमचा राग आला होता. फोन आपटून ठेवला. मग रात्री बॅटरी घेऊन वर चढलो. मोडक्या पाळण्यामागं, गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं बांधून. पितळीच. तसाच जाड काठ, पोटावर तशाच तीन रेघा. बोगारवेशीत एकाच दिवशी, एकाच कारागिराकडून करून घेतल्यासारख्या. लांबून कुणी सांगणार नाही की दोन आहेत.

खाली आणून तिच्यात तांदूळ भरला, पट्टीनं सपाट केला, फळीवरच्या पायलीत ओतला. हळदीच्या रेघेपर्यंतसुद्धा आला नाही. रेघेच्या खाली आणखी एक करंगळी.

म्हणजे घ्यायची मोठी आणि द्यायची लहान. खरी कुठंतरी मधे, रेघेवर.

आई जागी होती. मी दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या. ती बघून म्हणाली, "लहान तुझ्या बाबांनीच वर टाकली, दुकान हातात आलं त्या वर्षी." मी विचारलं, मग मोठीचं? आई म्हणाली, "मोठीचं त्यांना ठाऊक होतं का नव्हतं, मी कधी विचारलं नाही." आणि कूस बदलून झोपली. झोपली कसली.

आज मावशी भाकरी घेऊन आली. मी गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघितली, तिला आतल्या स्टुलावर बसवलं आणि दोन्ही पायल्या पुढं ठेवल्या. काही विचारलं नाही. तिनंच एकदा माझ्याकडं, एकदा पायल्यांकडं बघितलं.

"गावली व्हय दुसरी," म्हणाली.

मग सांगितलं. दिवाळीत भावानं पुतण्याजवळ निरोप धाडला होता, आता डोळ्यांनी दिसत नाही, एकदा येऊन जा. ती म्हणाली, जाईन, पण न्याय घेऊन जाईन. तिच्या लेखी न्याय म्हणजे आमची पायली. मागितली असती तर मी कशाला म्हणून विचारलं असतं, आणि माहेरची लक्तरं माझ्या गल्ल्यावर टांगायची नव्हती. राशीवर सगळ्यांदेखत तिनं भावाच्या पायलीतलं भात आमच्या पायलीत ओतलं. भरली नाही. तिनं काडीनं हळदीची रेघ मारली आणि भावाला म्हणाली, बघ. त्याला दिसत नव्हतं. त्यानं आत बोटं घालून चाचपलं, आणि नातवाला धाडून शेजारच्या तीन घरच्या पायल्या आणवल्या. तिन्ही त्याच्या पायलीला लागल्या, आमचीच तेवढी वेगळी.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. तीन दिस ऱ्हायले. त्याला भाकरी करून घातली."

पालथी का ठेवली म्हणून विचारलं तर म्हणाली, "रेघ दिसू नये म्हणून. पुसत हुते, पितळेवरची हळद जाईना. तुझ्या आज्याचं नाव कशाला खाली करू?"

मी अर्धी पायली तांदूळ द्यायला निघालो, त्या वर्षीचा. सवयीनं हात लहान पायलीकडं गेला. मावशीनं माझं मनगट धरलं.

"त्येनं नको रे बाबा. काट्यावर घाल."

(हे सगळं इथं लिहू का म्हणून तिला विचारलं. म्हणाली लिही, पण गाव लिहू नको.)

निपाणीची सून | ११:३२

जरा थांबते. मग लिहिते.

टिळकवाडीचा पेन्शनर | ११:४०

रेघ पुसलीत?

गल्ल्यावरून | ११:४२

नाही.

चंदगडी | शुक्रवार, सकाळी ८:०५

रात्रभर झोप नाही. आमचं पण पूर्वी भाताचं दुकान होतं. सकाळी आईला म्हटलं, माळ्यावर जरा बघून येतो. आई म्हणाली, आधी चहा पी. चहा पिऊन उठलो तर शिडी जागेवर नाही.